सावरीखालचे तांबडे ढेकूण

कॉलेजच्या मागच्या कुंपणाला लागून एक काटेसावर आहे. वर्षातला बराचसा काळ तिची कुणाला आठवण नसते. फुलते तेव्हा दोन-चार मुली तिच्यापुढे उभ्या राहून फोटो काढतात, तेवढंच. मग चैत्र सरता सरता, नेमके पेपर तपासायच्या दिवसांत, तिची बोंडं उलतात आणि कापूस सुटतो. स्टाफरूमच्या खिडकीतून तो आत येतो, उत्तरपत्रिकांवर बसतो, चहात पडतो, पंख्याच्या वाऱ्यानं जमिनीवर गोल गोल फिरत राहतो. परवा शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती छान ना! बर्फ पडल्यासारखं." मी हो म्हटलं आणि उठून खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी घरी आले तर पप्पा गॅलरीत बसले होते. त्यांच्या खांद्यावरही एक पुंजका होता. मी त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढली, कारण डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही.

"उलली वाटतं," ते म्हणाले.

"उलली."

"मग? जायचं का यंदा?"

आत आईनं हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. ते पातेलं पुरेसं बोललं.

*

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पीएचडीसाठी मी ढेकूण निवडले तेव्हा नातेवाइकांत महिनाभर हशा चालला होता. "पोरगी डॉक्टर होणार. कुणाची? ढेकणांची!" त्यांना वाटायचं, ढेकूण म्हणजे खाटेतला. तो तर त्या गोतावळ्यातला एक फालतू भाऊबंद. ज्याला चावायला जबडा नाही, तोंडाच्या जागी सुईसारखी सोंड आहे, आणि ती भोसकून जो रस ओढतो, तो ढेकणाच्या जातीचा. कुणी पानाचा रस ओढतो, कुणी बियांचा, कुणी दुसऱ्या किड्याचा.

पेठकडच्या डोंगरात, सागाच्या उघड्याबोडक्या रानात, मला सावरीखाली दोन ढेकूण सापडले होते. दोन्ही तांबडेलाल. दोन्ही बोटाच्या पेरापेक्षा लहान. एक तर सगळ्यांना माहीत असलेला, कपाशीवर येतो तोच. त्याच्या मानेला पांढरी कॉलर असते, पाठीवर दोन काळे ठिपके. सावर उलली की हा हजारोंनी जमतो. खाली पडलेल्या बोंडांवर, कापसात, मुळांच्या खोबणीत नुसता लाल चिखल माजतो. बी कितीही कडक असो, तो सोंड रोवतो, आत लाळ सोडतो, बीचा गर पातळ करतो आणि शोषतो. एका बीभोवती आठ-दहा जण मजेत बसलेले असतात, पाराभोवती म्हातारे बसावेत तसे.

दुसरा अंगानं जरा रुंद. त्याला कॉलर नाही, ठिपके नाहीत. बाकी रंग तोच, चालही जवळजवळ तीच. तो त्याच गर्दीत, त्याच कापसात फिरत असतो. कुणी त्याच्याकडे बघत नाही, कुणी पळत नाही. मग तो एखाद्याच्या मागून जातो, आणि मऊ जागा बघून सोंड आत घालतो. सगळं एका क्षणात होतं. ज्याला भोसकलं तो पाय झाडतो, गोल फिरतो, कधी कधी तशाच अवस्थेत हातभर अंतर पळतो, आणि मारणारा त्याच्या मागे सोंडेच्या टोकाला लटकून जातो. आत लाळ सुटलेली असते. अंगातलं सगळं पातळ होत जातं. थोड्या वेळानं पाय हलायचे थांबतात. मग शिकारी त्याला सोंडेवर उचलून, भाल्याच्या टोकावर मुंडकं मिरवावं तसा, सावलीला घेऊन जातो आणि रिकामं करतो. शेवटी उरतं ते लाल टरफल, वाऱ्यानं उडणारं.

मला याची चटक लागली होती, हे मान्य करायला हरकत नाही. उन्हात पालथी पडून मी तासन्‌तास हे बघायचे. मला सर्वांत नवल वाटायचं ते शेजाऱ्यांचं. मारामारी चाललेली असताना वीतभर अंतरावरचे बियाखाऊ आपली सोंड बीतून बाहेर काढत नसत.

"दोघांचं हत्यार एकच," मी पप्पांना सांगितलं होतं. "सुई तीच, लाळ तीच. फक्त कुठं टोचायची, एवढाच फरक."

"एवढाच कसा?" ते म्हणाले. "तोच तर सगळा फरक."

पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे वेळ होता आणि एक पांढरी जुनी गाडी होती, आणि आईनं मला एकटीला रानात पाठवायला साफ नकार दिला होता. म्हणून ते माझे ड्रायव्हर झाले. मी किडे बघायचे आणि ते सावलीत सतरंजी टाकून पेपर वाचायचे. पण मास्तराला पेपर किती वेळ पुरणार? पाड्यावरची पोरं यायची, लांबून बघायची, मग जवळ यायची. आठवड्याभरात पप्पांनी त्यांचा वर्गच भरवला. "कॉलरवाला नको. बिनकॉलरचा आणा. पकडायचा नाही, फक्त दाखवायचा. जो दाखवेल त्याला गोळी." त्यांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असत. पोरं उन्हात पांगायची आणि "गुरुजी, हा बघा! हा बघा, खातोय!" अशा आरोळ्या उठायच्या. आया पाण्याच्या कळश्या घेऊन जाताना थांबायच्या, हसायच्या. "किड्याचे गुरुजी" असं पप्पांचं नावच पडलं होतं.

ते दिवस आठवले की आधी वास येतो. मोहाच्या पडलेल्या फुलांचा आंबूस वास, आणि भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात त्या राबाच्या धुराचा. डोंगर काळे पडलेले, वर पांढरा कापूस उडतोय, खाली लाल किडे.

*

त्या आठवड्यात एक मेसेज फिरत होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, किडन्या काढून विकते, सोबत एक बाई असते आणि एक म्हातारा, गोळ्या देऊन पोरांना नादी लावतात. आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला होता. आईनंच टाकला होता. खाली लिहिलं होतं, "सगळ्यांनी काळजी घ्या."

नेहमीच्या सावरीखालची बोंडं संपत आली होती, म्हणून आम्ही त्या दिवशी फाट्याच्या पलीकडे, नव्या झाडाकडे गेलो. गावाचं नाव मी लिहीत नाही. ते कुठलंही असू शकलं असतं. तिथली पोरं नवी होती, पण पोरंच ती. अर्ध्या तासात जमली. पप्पांनी त्यांनाही कॉलरवाला आणि बिनकॉलरचा शिकवला. गोळ्या वाटल्या. लांब बांधावर एकजण मोबाइल धरून उभा होता, तो मला दिसला होता. आजकाल कोण मोबाइल धरून उभं नसतं? ऊन चढलं तसं आम्ही आवरलं आणि निघालो. पोरं अजून झाडाखालीच होती.

फाट्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. पप्पांनी गाडी थांबवली. दोन ग्लास सांगितले. रस यायच्या आधी गाडीभोवती पंधरा-वीस माणसं होती.

"कुठले तुम्ही?"

"नाशिकचे," पप्पा म्हणाले.

"हिकडं काय काम?"

"ही माझी मुलगी. शिक्षिका आहे. किडे बघतो आम्ही."

"किडं? किडं बघायला नाशकावरनं येता?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं मला बरं वाटलं, मीही हसले. तेवढ्यात डिकी उघडल्याचा आवाज आला. माझी पेटी बाहेर निघाली. चिमटे, कात्री, किडे चिरायची बारीक पाती, आणि काचेची बरणी, जिच्या तळाला औषधात भिजवलेला कापूस असतो. किडा त्यात टाकला की शांत होतो. एकानं झाकण काढून वास घेतला आणि मान मागे झटकली.

"गुंगीचं हाय! गुंगीचं औषध हाय!"

"ह्या बघा ब्लेडी!"

"गोळ्या वाटत व्हता हा थेरडा. माझ्याकडं व्हिडिओ हाय."

तेव्हाच एक बाई गर्दीत घुसली. चेहरा घामानं निथळलेला, पदर खांद्यावरून घसरलेला. ती फक्त एकच शब्द ओरडत होती, "पोर कुठाय? माझी पोर कुठाय?" कुणाला विचारत होती कळत नव्हतं. मग तिला मी दिसले.

पप्पा गाडीतून उतरले. दोन्ही हात वर करून, वर्ग शांत करताना करायचे तसे, म्हणाले, "बाळांनो, ऐका. मी मास्तर आहे—"

पहिली चपराक त्यांच्या डाव्या कानावर बसली. चष्मा उडाला. ते खाली वाकले, मला वाटतं चष्मा शोधायला, आणि त्यांच्या बरगडीत लाथ बसली. लाथेचा आवाज मला अपेक्षित होता तसा नव्हता. ओलं लाकूड फुटावं तसा होता. मी दार उघडलं, आणि त्या बाईनं माझे केस धरले. मुठीत, मुळापासून. तिनं मला खाली ओढलं, डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटलं, परत ओढलं. "कुठं ठिवली? सांग! कुठं ठिवली?" आणखी दोघी-तिघी आल्या. कुणी गालावर मारलं, कुणी पाठीत गुद्दे घातले, एकीनं हात पिरगाळून धरला. तोंडात रक्ताची चव आली, खारट, कोमट. मी काय ओरडत होते ते आठवत नाही. भाऊ नंतर म्हणाला, व्हिडिओत मी "ते ढेकूण आहेत, ते ढेकूण आहेत" एवढंच म्हणताना ऐकू येते.

पायांच्या जंगलातून मला पप्पा दिसत होते. ते जमिनीवर होते. काठ्या आल्या होत्या, उसाची कांडी आली होती. गुऱ्हाळवाल्याचा ऊस उपसून उपसून लोक मारत होते. ऊस फुटत होता, रस उडत होता. एक पोरगा दोन्ही हातांनी मोठा दगड उचलत होता. आणि तेव्हाच निळ्या शर्टातला एक माणूस पप्पांच्या अंगावर पडला. पूर्ण अंग टाकून. मला वाटलं, आता संपलं. मग केसांना परत हिसका बसला आणि माझं तोंड मातीत गेलं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा फाटा रिकामा झाला. पाऊस आल्यावर वाळवण उचलावं तसा, बघता बघता. रस्त्यावर चपला पडल्या होत्या, फुटलेला ऊस पडला होता. बरणी फुटली होती आणि औषधाचा गोड वास सगळीकडे पसरला होता.

*

पप्पांचा जबडा मोडला होता, चार बरगड्या, डाव्या कानाचा पडदा. जबडा तारेनं बांधला. नाशिकच्या दवाखान्यात खाटेवर ते डोळे उघडे ठेवून पडून असायचे आणि नळीनं पातळ पेज घ्यायचे. मी शेजारी बसायचे. माझ्या डोक्यावरचा एक भाग बोडका झाला होता, तिथं आई रोज खोबरेल लावायची आणि लावताना रडायची. तो मेसेज तिनं पुढे पाठवला होता, हे आम्ही कुणीच बोललो नाही.

माझा धाकटा भाऊ प्रशांत सातपूरला कंपनीत आहे. त्यानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. थांबवून, मोठा करून. व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. धूळ इतकी की चेहरे ओळखू येत नाहीत. स्पष्ट दिसतो तो एकच, निळा शर्ट. पप्पांच्या उरावर. खाली लोकांनी लिहिलं होतं, "या राक्षसाला फाशी द्या."

पोलिसांनी ज्यांना उचललं त्यांत तो पहिला होता. नाव यशवंत. दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीच्या कामाला मजूर नेणारी पिकअप चालवायचा. पोलिसांनी मला विचारलं, "हा होता?" मी म्हटलं, तो वर पडला एवढं दिसलं, पुढचं मला दिसलं नाही. प्रशांत बाहेर आल्यावर माझ्यावर भडकला.

"ताई, पुढचं दिसलं नाही म्हणजे काय? पुढचं काय असणारे? कुरवाळायला पडला होता का तो?"

भिंगातून दोन लाल किड्यांतला फरक मी झोपेतही सांगितला असता. माणसांना कॉलर नसते.

घरी आल्यावर एकदा प्रशांत पप्पांच्या समोरच व्हिडिओ लावून कुणाला तरी दाखवत होता. पप्पा मान हलवायला लागले. नको, नको. आम्हाला वाटलं त्यांना बघवत नाही. मोबाइल बंद केला तरी ते मान हलवतच राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईनं प्रशांतला बाहेर काढलं.

जबड्याची तार निघाली त्या दिवशी त्यांचं पहिलं वाक्य आलं. आवाज चाळणीतून आल्यासारखा होता.

"निळा शर्टवाला मारत नव्हता."

"पप्पा," प्रशांत म्हणाला, "तुमच्या डोक्याला मार लागलाय."

"कानाला लागलाय. एका." त्यांनी उजव्या कानाकडे बोट नेलं. "यात बोलला तो. 'बाबा, हलू नका. मेल्यागत पडून ऱ्हावा.'"

*

तोवर यशवंत जामिनावर सुटला होता आणि त्याला दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायला लागत होती. आम्ही एका सोमवारी गेलो. प्रशांत यायला तयार नव्हता, पण गाडी चालवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आला. फाटा आला तेव्हा पप्पांनी डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. गुऱ्हाळ पूर्वीसारखंच सुरू होतं.

ठाण्याच्या व्हरांड्यात चार-पाच जण भिंतीला टेकून उभे होते. सगळे सारखेच दिसत होते, वाळलेले, मान खाली घातलेले. मी त्यांच्यात जनावर शोधत होते आणि मला ते कुठेच दिसत नव्हतं. साहेबांनी हाक मारली तसा एक पस्तिशीचा माणूस पुढे आला. त्यानं पप्पांकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे.

"हा?" साहेब म्हणाले. "काका, यांच्यातला प्रत्येकजण सांगतोय, आम्ही वाचवत होतो. एकही मारणारा नाही. मग तुम्हाला मारलं कुणी, भुतानं?"

पप्पांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं. "वाक."

तो वाकला.

"या कानात बोल. काय बोलला होतास?"

यशवंतनं तोंड त्यांच्या कानाशी नेलं. मग तो इतक्या हळू बोलला की मला ऐकू आलं नाही. पप्पांना आलं. त्यांनी डोळे मिटले.

"आवाजावर काय सांगता येतं, काका," साहेब म्हणाले. समजुतीनंच म्हणाले.

"पाठ दाखव," पप्पा म्हणाले.

"जाऊ द्या ना, बाबा."

"शर्ट काढ म्हणतो ना!" हा मास्तरांचा आवाज होता. यशवंतनं बटणं काढली आणि तो वळला. खांद्यापासून कमरेपर्यंत जुन्या वळांचे काळपट पट्टे होते, एकावर एक, तिरके. उजव्या खांद्याखाली दगडाचा खड्डा, कसाबसा भरून आलेला. मारणाऱ्याच्या मुठी सोलवटतात. पाठ फुटते ती वर आडवा पडलेल्याची. आम्ही सगळे त्या पाठीकडे बघत राहिलो. प्रशांत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आधी का नाही दाखवलंस?" साहेबांनी विचारलं.

"दाखवलं की. हवालदार म्हनले, पळताना पडला असशील."

"आणि पडलास कशाला मध्ये?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानं शर्ट घातला, बटणं लावली. "पिकअप लावून काय झालं बघायला आलतो. मलाबी वाटलं, पोरंचोर असत्याल. मीबी एक लाथ घालणार व्हतो." तो थांबला. "मग हे खाली पडल्यावर म्हनले, 'अरे, चष्मा तुडवू नका.' पोरं चोरणारा मानूस चष्म्याचं कशाला बोलंल?"

*

त्याचं नाव वगळायला पुढे बरेच महिने गेले. पप्पांनी तीनदा जबाब दिला. यशवंतची पिकअप तोवर दुसऱ्याकडे गेली होती. गावात काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं, त्यांना वाटलं यानंच नावं सांगितली. बाकीच्यांची केस चालू आहे. तारखा पडतात. ज्यानं पहिली चपराक मारली तो कोण, ते आम्हाला अजून माहीत नाही. त्या व्हरांड्यात तो होता की नव्हता, तेही नाही.

मी दोन उन्हाळे सावरीखाली गेले नाही. किडे स्वप्नात यायचे. त्या काळात मला एक जुनी गोष्ट सारखी आठवायची. फाट्यावरच्या त्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात मी एक नुकतं कात टाकलेलं पिल्लू बघितलं होतं, बियाखाऊ जातीचं. अंग अजून मऊ, फिकट, चालता न येणारं. त्याच्याभोवती त्याचेच भाऊबंद बसले होते आणि त्यांच्या सोंडा त्याच्या अंगात होत्या. बिया शेजारी पडलेल्या होत्या, हव्या तेवढ्या. मी तेव्हा ते अपवाद म्हणून सोडून दिलं होतं. माझ्या प्रबंधाची मांडणी सरळ होती. हा बिया खातो, तो बियाखाऊला खातो.

आता मी त्या दोघांची तुलना इतक्या निर्धास्तपणे करत नाही. शिकारी भुकेपोटी मारतो. पोट भरलं की तो त्याच गर्दीतून निमूट चालत जातो, आणि शेजारी चरणाऱ्याला त्याचा धक्काही लागत नाही. फाट्यावर भुकेलं कुणी नव्हतं. तिथं शिकारी फार थोडे होते, कदाचित एकही नव्हता. बाजारातून तेल-मीठ घेऊन निघालेली माणसं होती. घरी पोरं असलेली. पोरांसाठी जीव टाकणारी, आणि त्याच मायेनं हातात ऊस घेतलेली. मला हे समजून घेता येतं. याचा अर्थ मी ते माफ केलं असा नाही. लाथेचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, भांडी घासताना, वर्गात फळ्याकडे तोंड असताना, कधीही.

*

तर परवा पप्पांनी विचारलं, जायचं का, आणि आईनं पातेलं आपटलं. रविवारी सकाळी तिनंच डबा भरून दिला. पोळ्या, ठेचा, आणि पप्पांना चावता येईल असा मऊ भात.

यशवंत फाट्यावर आमची वाट बघत उभा होता. मीच फोन केला होता. तो मागच्या सीटवर बसला आणि आम्ही त्या दुसऱ्या झाडाकडे गेलो. कारण पहिल्या झाडाचा हंगाम तेव्हाच बघून झाला होता, या झाडाचा राहिला होता. सावर पांढरी झाली होती. खाली तोच लाल चिखल. मी पालथी पडले. मग एक बिनकॉलरचा दिसला, कापसाच्या कडेकडेनं चालणारा, आणि मी त्याच्यामागे सरपटत गेले.

पोरं या वेळी आली नाहीत. लांब बांधावर दोन-तीन डोकी दिसली, मग कुणीतरी घरातून हाक मारली आणि ती गेली. पप्पा सतरंजीवर बसून तिकडेच बघत होते. त्यांनी पेपर आणला होता, उघडला नाही.

दुपारी एक बाई आली. तिला मी चालीवरून ओळखलं नाही, चेहऱ्यावरूनही नाही. ती पाच-सहा पावलांवर थांबली, तेव्हा माझ्या डोक्याच्या कातड्यानं ओळखलं. मी उठून उभी राहिले. यशवंतही उठला.

"वळखलं का?" ती म्हणाली.

"हो."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तवा माझी पोर सापडत नव्हती. दोन तास. समद्या वाड्या पालथ्या घातल्या. आन लोक म्हनले, गाडीत घातली."

"मग कुठं होती?"

तिनं सावरीच्या बुंध्याकडे बघितलं. मुळांच्या मागं, जिथं माणूस बसला तर रस्त्यावरून दिसत नाही.

"हितंच. तुमच्यासाठी किडं गोळा करत. गुरुजींनी सांगितलं म्हनली. तुमी गेल्यालं तिला ठावकीच नाय. सांजंला घरी आली तं वटीत हे किडं. बिनकॉलरचं. इचारती, गुरुजी कुठं गेलं, मला गोळी द्यायचीया त्यान्ला."

"मग?"

"मी वटी झाडली आन चेचलं समदं. पायानं. पोरीला बी लय मारलं."

वारा सुटला आणि वरून कापूस खाली आला, तिच्या केसांवर, माझ्या केसांवर. मला तिच्यावर ओरडायचं होतं. मला तिला विचारायचं होतं, ती पोर आता कुठं आहे, कितवीत आहे.

"काय म्हणते ती?" पप्पांनी सतरंजीवरून विचारलं. ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती, त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता.

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, सावकाश, एकेक वाक्य. ते ऐकत राहिले. मग त्यांनी डबा, पाण्याची बाटली आणि पेपर एका बाजूला सरकवला आणि सतरंजीवर हातानं थोपटून जागा दाखवली.

"ऊन लागतंय तिला," ते म्हणाले. "बस म्हणावं."

ती बसली नाही. पण उन्हं कलेपर्यंत ती तिथून हललीही नाही.